भारी गाळी-मळे

त्या मे महिन्यात आमच्या स्लॅबवरच्या शेवया दिवसातून दोनदा तरी खाली यायच्या. आई सकाळी जुनी लुगडी अंथरून शेवया, सांडगे, कुरडया वाळत घालायची आणि आप्पांचा मोबाइल वाजला की खालून ओरडायची, "रेणे, काय आलंय बघ गं त्यात." मेसेज कन्नडमध्ये असायचा. आप्पा मराठी शाळेत शिकलेले. त्यांना कन्नड बोलता यायचं, वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी सरकारनं पाठवलेलं त्यांनी वाचलं नसतं. मी शाळेत कन्नड शिकले होते, म्हणून वाचायचं काम माझं. 'भारी गाळी-मळे, गुडुगु-सिडिलु.' म्हणजे जोराचा वारा-पाऊस, गडगडाट आणि विजा. मग मी आणि आई धावत वर जाणार, लुगड्यांची टोकं धरून सगळं खाली आणणार, आणि दुपारी बघावं तर आभाळ कोरडं ठणठणीत. पुन्हा सगळं वर. आप्पा ओसरीवर बसून मिशीत हसायचे. "सरकारनं तुम्हास्नी चांगलं कामाला लावलंय," म्हणायचे. आई सरकारवर कधी चिडली नाही. तुटलेल्या शेवया हातात घेऊन ती आमच्यावर चिडायची.

आमचं गाव येळ्ळूरच्या पलीकडे, शिवाराला शिवार लागून. पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, यावरून डोकी फुटलेलं गाव. तिथं कन्नडमधून आलेला इशारा म्हणजे आधी कन्नड आणि मग इशारा. पंचायतीची रिक्षा भोंगा लावून गल्लीतून फिरायची. पोरं तिच्या मागून पळत भोंग्याची नक्कल करायची आणि म्हातारी माणसं कट्ट्यावरून इशाऱ्याचा रंग विचारायची, "आज काय, पिवळा का नारंगी?" आठवड्यात चारदा नारंगी व्हायचं आणि एकदाही थेंब पडायचा नाही, मग माणसं तरी किती घाबरणार? शिवाय तो शब्दच असा. गाळी म्हणजे कन्नडमध्ये वारा. पण आमच्या बेळगावी बाजारात हिंदी, कन्नड आणि मराठीची जी खिचडी चालते, तिच्यात गाळी म्हणजे शिवी. मळे म्हणजे पाऊस, पण आमच्या कानाला ते आमचेच मळे. 'भारी गाळी-मळे' म्हटलं की सगळी गल्ली हसायची. शिव्या द्यायला सरकारला रिक्षा लागते, आम्हाला तीही लागत नाही, असं सगळ्यांचं म्हणणं.

हल्ली मी बेळगावात एका शाळेत पीटी शिकवते. पैलवानाचं म्हातारपण तिशीतच येतं, आणि माझ्या उजव्या गुडघ्याला तर ते त्याच्याही आधी आलं. आता इशारा आला की फोन स्वतःच बोंबलतो, तोही दोन-दोन भाषांत. परवा कवायतीच्या तासाला सगळ्या शिक्षकांचे फोन एकदम कर्कश वाजले. पोरं टाळ्या पिटायला लागली आणि आमच्या सहकारी बाई "बंद कसं करायचं हो हे?" म्हणून मलाच विचारायला आल्या. मी शिट्टी फुंकली आणि पोरांना वर्गात हाकललं. पाऊस आला नाही. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, तुम्ही उगाच घाबरता. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण वाद घातला असता तर हे सगळं सांगावं लागलं असतं.

घरात कुस्ती आप्पांची. त्यांना मुलगा नाही, मी एकटी. लोक म्हणायचे म्हणून त्यांनी मला मातीत उतरवलं, असं मात्र नाही. गोठ्यामागे त्यांनी हौदा खणला होता, लाल माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळली होती, आणि मी रांगत रांगत तिथं जाऊन बसायचे. मातीला पाय लावायच्या आधी हात लावायचा, तो कपाळाला टेकवायचा, आणि चप्पल घालून तिच्या कडेलासुद्धा उभं राहायचं नाही. गावच्या मैदानाला मोठमोठे पाहुणे यायचे, सुटाबुटातले, तेही बूट काढून अनवाणीच मातीत उतरायचे. पहाटे जोर-बैठका, मग बदामाची थंडाई. आप्पा ती पाट्यावर इतका वेळ वाटायचे की त्या घासण्याच्या आवाजानंच मला जाग यायची. रविवारी मटणाचा अळणी रस्सा. तो मी वाटीनं प्यायचे आणि आई तिखटाचा वेगळा करून त्यात भात कालवायची. तिला माझी कुस्ती पसंत नव्हती. पण मी मातीतून आले की तीच माझ्या केसांतली माती बोटांनी काढायची, आणि काढताना मुद्दाम केस ओढायची.

त्या वर्षी मी अठराची झाले आणि खानापूरकडचं एक स्थळ आलं. मुलगा सोसायटीत क्लार्क, घर चांगलं. आप्पा म्हणत होते, पोर शहरातल्या स्पोर्ट्स हॉस्टेलला जाईल, तिचं नाव होईल. त्यावरून घरात रोज भांडण, भाकरी थापतानासुद्धा. शेवटी एका संध्याकाळी आईनं आपली अट सांगितली. "आपल्या गावच्या मैदानात, चार मानसांसमोर गावानं हिला पुढं घालून खेळवली, तर खेळू दे. मग मी तोंड उघडणार न्हाय. पर गाव न्हाय म्हणालं तर दिवाळीत लग्न. मला गावात ऱ्हायाचं हाय." तिला खात्री होती की गाव नाहीच म्हणेल. आमच्या मैदानात बाईची कुस्ती कधी झाली नव्हती. बाईमाणसानं हौद्याजवळ जायचं नाही, असंच होतं. आप्पा दोन महिने कमिटीच्या पायऱ्या झिजवत राहिले. भांडले, एकाची कॉलर धरली, एकाच्या घरी जाऊन रडले. आणि कमिटीनं माझी जोड लावली, निपाणीच्या आस्माबरोबर. आस्माची आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. आस्मा माझ्याहून वर्षानं मोठी आणि वजनानं थोडी जड. पोस्टरावर आमची दोघींची नावं पार खाली, अगदी बारीक छापली होती. पण होती. मी ते पोस्टर रोज बघून यायचे.

मैदानाची जागा म्हणजे मसूर काढून मोकळी झालेली रानं. मधे खोलगट भाग, तिथं हौदा. तीन बाजूंनी बांध, त्यावर माणसं बसणार. चौथ्या, पूर्वेच्या बाजूला लोखंडी पाइप उभे करून वर पत्रे टाकलेली गॅलरी. तिथं पाहुणे, म्हातारे आणि माइकचं टेबल. माइकवर आमचे शंकर मास्तर. त्यांनी मला पहिलीत मुळाक्षरं शिकवली होती, माझ्या आप्पांनाही शिकवली होती. पंचक्रोशीत कुठंही मैदान असलं की निवेदनाला तेच. कोण कुणाचा नातू, कुणी कुठल्या साली कुणाला कसं आस्मान दाखवलं, सगळं त्यांच्या तोंडावर. त्या सकाळी मी पाया पडायला गेले तर म्हणाले, "आज तुझं नाव मी आसं घेतो बघ, निपाणीपत्तोर ऐकू जाईल."

आणि पीडीओ मॅडम. पीडीओ म्हणजे पंचायतीवर सरकारनं नेमलेला अधिकारी. ही विजापूरकडची, सव्वीस-सत्तावीसची, वडगावात खोली घेऊन राहायची आणि स्कूटीवरून यायची. मराठी शिकायची धडपड चालली होती तिची. सगळ्यांना 'तुमी' म्हणायची, आमच्या कुत्र्यालासुद्धा. गावाचा तिच्यावर राग होता, कारण पंचायतीतल्या नोटिसा कन्नडमध्ये लागायच्या. त्या वरून छापूनच येतात हे सगळ्यांना माहीत होतं, तरी राग तिच्यावर.

मैदानाच्या दिवशी सकाळपासूनच मेसेज येत होते. दुपारी उन्हानं माती तापली होती, वारा पूर्ण पडला होता. कपाळावरचा घाम पुसला की लगेच दुसरा यायचा. बांधावर माणसाला माणूस चिकटून बसलेलं. हलग्या कडाडत होत्या, छोट्या जोड्या चालल्या होत्या. मी आणि आस्मा हौद्यापासून लांब एका झाडाखाली बसलो होतो, कारण नाव पुकारल्याशिवाय आम्हाला पुढं यायची परवानगी नव्हती. तेवढ्यात पीडीओ मॅडम आल्या. वरून हुकूम होता की उघड्यावरचे कार्यक्रम ताबडतोब थांबवायचे. कमिटीतल्या कुणी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मग त्यांनी मास्तरांना विनवलं, एवढं माइकवरून सांगा.

मास्तरांनी सांगितलं. आधी कन्नडमध्ये, अगदी रिक्षावाल्याच्या आवाजात, आणि मग आपल्या आवाजात म्हणाले, "मंडळी, सरकारचा निरोप आलाय. भारी गाळी! आता गाळी कुणाला कशी द्यायची, हे सीमाभागातल्या मानसाला सरकारनं शिकवायला नगं. आनि मळे? मळे तर आपल्या बापजाद्यांचेच हायत की!" सगळं मैदान फुटलं. टोप्या उडाल्या, शिट्ट्या वाजल्या. मीही हसले. आस्माही हसली. पीडीओ मॅडम टेबलापाशी उभ्या होत्या. माइक उघडाच होता, म्हणून त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू आलं, "मास्तर, चेष्टा नको हो. मी पाया पडते. सिडिलु बीळतैती... वीज पडतिया. लोकांना उठवा." बांधावरून कुणीतरी ओरडलं, "मराठीत पाड म्हनावं!" आणि पुन्हा हशा. एक मातीचं ढेकूळ येऊन तिच्या खांद्यावर फुटलं. मग दुसरं. तिसरं तोंडावर बसलं. ती गॅलरीच्या मागं गेली आणि थोड्या वेळात माइक बंद पडला. तिनं फोन करून लाइटच घालवली होती.

तेव्हा पहिल्यांदा मैदान चवताळलं. हसत होती तीच माणसं उभी राहून शिव्या देऊ लागली. गॅलरीमागं उभी असलेली तिची स्कूटी चार-पाच पोरांनी उचलून ओढ्यात फेकली, तिचा आवाज आम्हाला झाडाखाली ऐकू आला. कमिटीला वाटलं, आता मैदान हातातून जाणार. कुस्ती सुरू राहिली तर लोक बसतील म्हणून त्यांनी घाईघाईनं जी जोड समोर दिसली ती पुढं काढली. ती आमची होती. माइक नाही, माझं नाव नाही, निपाणीपर्यंत जायचं ते सोडाच, पहिल्या बांधापर्यंतही गेलं नाही. हलगीवाला पुढं, त्याच्या मागं मी आणि आस्मा. पण बांधावरची माणसं खाली बसायला लागली होती. काही तोंडावर हात ठेवून हसत होती, काही गप्प होती, आणि एका म्हातारीनं लांबूनच बोटं मोडून माझी दृष्ट काढली. मला रडू आलं. गाव मला बघत होतं. आईची अट पुरी होत होती.

आम्ही मातीला हात लावला, कपाळाला लावला. हात मिळवताना आस्मा हळूच म्हणाली, "आभाळ बघितलीस काय गं?" मी म्हणाले, "तू माझ्याकडं बघ." आभाळ मी बघितलं होतं. पूर्वेला गॅलरीच्या पत्र्यांवर निळं-काळं काहीतरी चढत होतं. ते मला दिसायला नको होतं, म्हणून मी मान खाली घातली.

आस्मानं पहिल्याच झटक्यात माझा पाय ओढून मला खाली घेतलं. मी पोट मातीला चिकटवलं, कोपरं आत ओढली आणि अंग जड करून पडून राहिले. खाली गेलेल्यानं एवढंच करायचं असतं, वरचा दमेपर्यंत. तिचा घाम माझ्या मानेवर पडत होता. कानात माझाच श्वास, आणि त्याच्या पलीकडे एक लांबलचक गडगडाट. लोकांनी त्यालाही शिट्ट्या वाजवल्या. मग तो आवाज बदलला. शिट्ट्या थांबल्या आणि शेकडो गळ्यांतून एकच शब्द, "चप्पल! चप्पल!"

मी मान वळवली. पीडीओ मॅडम हौद्यात उतरल्या होत्या. हात वर करून ओरडत होत्या आणि पायात सँडल होत्या, काळ्या, टाचेच्या. पावलागणिक त्या लाल मातीत रुतत होत्या. विजेला जे मैदान हललं नव्हतं ते सगळं उठलं. बांध उठला, गॅलरी उठली, म्हातारी माणसं काठ्या घेऊन उठली, आणि सगळा लोंढा खाली आमच्याकडे सुटला. माझ्या मनात आधी तिची काळजी आली नाही. हिनं माझी कुस्ती मोडली, हेच आलं. इतका राग आला की हातात असती तर मीच तिला आपटली असती. तेवढ्यात कुणीतरी तिला मागून केसांना धरून खाली पाडलं. ती माझ्यापासून दोन हातांवर पडली. एक लाथ तिच्या तोंडावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो आवाज मला ओळखीचा होता, मातीत वाढलेल्या कुणालाही तो ओळखीचा असतो. तिच्या दंडावर कुणीतरी उभं राहिलं होतं. मी आस्माच्या खालून सुटले आणि मॅडमच्या अंगावर पडले. पोट तिच्या पाठीला चिकटवलं, कोपरं आत घेतली, अंग जड केलं. दुसरं काही मला येत नव्हतं. आस्मा माझ्यावर ओरडली, "येडी हाईस काय?" आणि मग तीही तिच्या डोक्याच्या बाजूनं येऊन आडवी पडली.

लाथा बसत होत्या. मारणाऱ्यांतले बरेच जण मला ओळखत होते, मी लहान असताना त्यांच्या खांद्यावर बसून मैदान बघितलेलं होतं. कुणाला मी दिसले नसेन, कुणाला दिसूनही थांबता आलं नसेल. पण एक गोष्ट मला त्याच वेळी कळली आणि अजून विसरता येत नाही. त्या लाथा अनवाणी होत्या. मातीत उतरताना त्या गर्दीतल्या जवळजवळ प्रत्येकानं आधी आपली चप्पल कडेला काढून ठेवली होती. माझे आप्पा गॅलरीतून मला वाचवायला धावले, त्यांनीसुद्धा हौद्याच्या कडेला थांबून पायांतल्या चपला काढल्या आणि मग आत आले. हे त्यांनीच मला पुढं सांगितलं, आणि सांगताना खूप रडले. तीस-चाळीस वर्षांची सवय, पाय आपोआप थांबले म्हणाले.

मग वारा आला. वारा म्हणजे काय हे मला त्या दिवशी समजलं. माती उठून डोळ्यांत, नाकात, तोंडात गेली. माझ्या पाठीवरचं मारणं एकदम थांबलं, कारण मारणारे पडले होते. पूर्वेला असा आवाज झाला की जमीन फाटली असं वाटलं. पाइपांसकट गॅलरी उचलली गेली, पत्रे सुटले आणि वाकडेतिकडे होत मैदानावरून गेले. ज्या बाकांवर थोड्या वेळापूर्वी दीड-दोनशे माणसं बसली होती, त्या बाकांवर पाइप कोसळले. त्या पाइपांवरच वीज पडली. पांढरा उजेड, आणि त्यानंतर बराच वेळ कानात नुसतं किर्र. गारा पडू लागल्या. माणसं एकमेकांना तुडवत पळाली, आणि चपला सगळ्या तिथंच राहिल्या, हौद्याच्या कडेनं.

गॅलरीत एकच माणूस उरला होता. शंकर मास्तर. ते खाली आले नव्हते. बंद माइक हातात धरून ते गर्दीला ओरडून सांगत होते, "मारू नका, बाई हाय ती, मारू नका." टेबलाजवळच्या पोरानं पळता पळता ते ऐकलं. बाकी कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांना पत्र्याखालून काढलं तेव्हा जीव गेलेला होता. मला त्यांची खूप आठवण येते. त्यांनी ती चेष्टा केली नसती तर काय झालं असतं, असं लोक अजून विचारतात. मी विचारत नाही. मीही हसले होते.

पुढचे दोन दिवस गावात दोनच गोष्टी ऐकू येत होत्या. बाईला लाइट घालवायची काय गरज होती, माइक चालू असता तर मास्तर मेले नसते. आणि बायका मातीत उतरल्या म्हणून हे झालं. या दुसऱ्या वाक्यात बायका म्हणजे सँडलवाली एकटी नव्हती, आम्ही दोघीही होतो. आई ऐकत होती आणि माझ्या पाठीला हळद-तेल लावत होती. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "चल, त्या बाईस बघून येऊ." तिनं भाताची मऊ पेज डब्यात घेतली. बाईचा जबडा तारेनं बांधला आहे असं तिनं कुठून तरी ऐकलं होतं.

बेळगावच्या दवाखान्यात पीडीओ मॅडम भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. हात प्लास्टरमध्ये, तोंड इतकं सुजलेलं की मी ओळखलं नाही. आई त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलली. आईला एवढं चांगलं कन्नड येतं हे मला त्या दिवशी कळलं. पेज चमच्यानं भरवता भरवता तिनं विचारलं, बाई, मातीत चप्पल चालत नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का? त्या दातांच्या फटीतून सावकाश बोलल्या. त्यांच्या गावातही तालीम होती, तिकडे तिला गरडी म्हणतात. त्यांचे वडील तिथं जायचे. मातीत चप्पल चालत नाही हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. "पाया पडले, कोणी उठलं नाही," त्या म्हणाल्या. "लाइट घालवली, तरी उठले नाहीत. पत्र्याखाली सगळे तसेच बसलेले. मग मी म्हटलं, चप्पल घालून जाते. उठतील." हे त्यांना त्या वेळीच सुचलं होतं की पडल्या पडल्या विचार करताना सुचलं, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटतं, त्या वेळीच. कारण हौद्यात उतरताना त्या माझ्याकडे किंवा आस्माकडे बघत नव्हत्या, सारख्या गॅलरीकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमिटीतले चौघे घरी आले. पोलीस जबाब घ्यायला येणार होते आणि गाव एक झालं होतं. बाईला पत्रा लागला. जबडा पत्र्यानं मोडला, हात पत्र्यानं मोडला, कुणी तिला बोट लावलं नाही. मी तिच्या सगळ्यांत जवळ होते, म्हणून माझा जबाब महत्त्वाचा. आप्पा खाली मान घालून बसले होते. चौघांतला मोठा मला म्हणाला, "रेणू, तू गावाची पोर. तेवढं बोल. फुडल्या वर्षी तुझी जोड पयल्या नंबराला लावतो. पोस्टरवर मोठा फोटो. गाव तुला डोक्यावर घेऊन नाचंल." बाकीच्यांनी माना हलवल्या. खोटं कशाला सांगू, एक क्षण मला ते हवं होतं. आईनं मागितलं होतं ते सगळं त्यात होतं. गाव मला पुढं घालत होतं, हॉस्टेल मिळत होतं, खानापूर टळत होतं. मी आईकडे बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पिठाचे हात तसेच.

ती बाहेर आली. परक्या पुरुषांसमोर ती कधी डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, मलाही ओसरीवर ओढणीशिवाय येऊ द्यायची नाही. तिनं माझ्या खांद्याला धरून मला फिरवलं, माझी पाठ त्या चौघांकडे केली आणि टी-शर्ट मानेपर्यंत वर ओढला. पिठाचे हात माझ्या पाठीला गार लागले. पाठीवर काय होतं ते मी आरशात बघितलं होतं. गोल गोल, काळे-निळे, एकाशेजारी एक.

"बघा नीट," ती म्हणाली. "ह्येबी पत्र्यानंच काय? पत्र्याला टाच असती व्हय रं?"

माझं तोंड भिंतीकडे होतं, म्हणून मला त्यांचे चेहरे दिसले नाहीत. पण आप्पा नंतर म्हणाले की चौघांतल्या एकानं मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघितलं, आणि बघतच राहिला. आईनं टी-शर्ट खाली ओढला, सारखा केला. मग आप्पांना म्हणाली, "अहो, गाडी काढा. पोरीला जबाब द्यायला जायाचं हाय. तिथनंच फुडं हॉस्टेलला सोडा."